सक्तीचं तेवढं राहिलं

२५ ऑक्टोबर, शनिवार

गाडी आली! राखाडी रंगाची, चार दारांची. दातांच्या डॉक्टरांनी तीन वर्षं वापरलेली, म्हणजे तीनला तीन आठवडे कमी. आत अजून त्यांच्या दवाखान्याचा वास येतो. बसलं की आपोआप तोंड उघडावंसं वाटतं.

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि रोज संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं: कुठली लिफ्ट, काय बिघडलं, काय बदललं, सही. निवृत्त झालो तशी नोंद करण्यासारखी एकच गोष्ट उरली, चहा किती वेळा झाला. आता गाडी आहे म्हटल्यावर वही आलीच.

गाडी घेण्याचं कारण लिहून ठेवतो. आम्ही तीन भावंडं. अक्का पंचाहत्तरची, माई सत्तरची, आणि मी शेंडेफळ, चौसष्टचा. अक्का आमच्याकडे असते. माई एकशेचाळीस किलोमीटरवर. ती घर विकून मुलाकडे परदेशी चाललीय, कायमची. विमान एकोणतीस नोव्हेंबरला संध्याकाळी. दोघी बहिणींची नऊ वर्षांत गाठ नाही. अक्काचे गुडघे गेले, बसची पायरी तिला चढवत नाही. टॅक्सी केली तर अनोळखी माणूस चालवतोय म्हणून तिला मळमळतं. माई नुकती काविळीतून उठलीय, डॉक्टरांनी तिला विमानापर्यंत घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलंय. तेव्हा अक्काला नेऊन भेटवायचं ते मीच. लायसन्स मला सप्टेंबरात मिळालंय. पाच आठवडे हातात आहेत. बक्कळ झाले.

मीटर: ४१,१८८.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज इमारतीभोवती सहा फेऱ्या मारल्या. अक्का खिडकीत बसून मोजत होती. पाचव्या फेरीला पाण्याचा टँकर समोरून आला. मी बाजूला झालो, थांबलो, इंजिन बंद केलं आणि तो गेल्यावर आणखी पाच मिनिटं थांबलो. मागे कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाची गैरसोय झाली नाही.

वर आल्यावर अक्काने विचारलं, "बाळ, कधी निघायचं?"

मी म्हटलं, "अक्का, गाडीचा विमा नीट झाल्याशिवाय मी मोठ्या रस्त्याला लागणार नाही. कामात पद्धत पाहिजे."

"कर बाबा पद्धत," ती म्हणाली. "पण माझी मुदत संपायच्या आधी विम्याची सुरू होऊ दे."

३० ऑक्टोबर, गुरुवार

पॉलिसीबाई येऊन गेल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची सून, विम्याचं काम करते. हुशार आहे, पण बोलते फार.

म्हणाली, "काका, गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला लागलं, कुणाचं काही मोडलं, तर त्याची भरपाई त्यातून होते. त्याला थर्ड पार्टी म्हणतात. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, कायदाच आहे. दुसरा ऐच्छिक. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं, ती चोरीला गेली, जळली, तर तुम्हाला भरपाई. त्यावर वरून आणखी गोष्टी जोडता येतात. आता डॉक्टरांचा थर्ड पार्टी तीन वर्षांचा होता, तो या चौदा तारखेला..."

मी तिला मुद्द्यावर आणलं. "अहो, सक्तीचं राहू दे. सक्तीचं म्हणजे ते असतंच. ब्रेक नसलेली लिफ्ट कुणी बसवतं का? चौतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही की ब्रेक हवा का. आरसा हवा का, पंखा हवा का, हे विचारायचं. तेव्हा जोडायचं काय काय ते बोला."

मग बाई खुलली. झीरो डेप घेतलं तर गाडीचा भाग बदलताना तो जुना होता म्हणून पैसे कापत नाहीत. इंजिनात पाणी शिरलं तर त्याचं वेगळं. टायरचं वेगळं. वाटेत बंद पडली तर माणूस येऊन ओढून नेतो. किल्ली हरवली तर किल्ली. गाडीतलं सामान चोरीला गेलं तर तेही! मी विचारलं, किल्ली हरवली नाही पण कुठे ठेवली ते आठवत नसेल तर? तिने मान हलवली. ते बसत नाही म्हणे.

एवढ्यात आमची ही मध्येच म्हणाली, "आणि मालकाशिवाय दुसऱ्या कुणी चालवली तर?"

"लायसन्स असेल आणि मालकाची परवानगी असेल तर चालतं, काकू."

"परवानगी लेखी लागते?"

"छे, तोंडी पुरते."

"बरं," म्हणून ही चहा टाकायला गेली. हिला नको तिथे चौकशा.

जाताना पॉलिसीबाई दारात पुन्हा चौदा तारखेचं काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, हो हो, चौदाला भेटू.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऐच्छिक विमा झाला. जे जे होतं ते ते घेतलं. कागद छापून आणले, एकोणतीस पानं. भोकं पाडून फाईल केली आणि आतल्या बाजूला खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या: आग, पूर, चोरी, टायर, काच, किल्ली, सामान. आता आभाळ कोसळलं तरी माझ्या गाडीचं एक पैशाचं नुकसान व्हायचं नाही. मन कसं निवांत झालं!

अक्काला फाईल दाखवली. तिने चष्मा लावून पानं चाळली आणि म्हणाली, "छान आहे. मग आता घोडं कुठे पेंड खातंय?"

तिला सांगितलं की गाडीची नीट तपासणी व्हायचीय.

५ नोव्हेंबर, बुधवार

विशेष काही नाही. सकाळी पेपर वाचताना ही काहीतरी विचारत होती. मी हं म्हटलं. खूश दिसली. बायकांना आनंद व्हायला फार लागत नाही.

दुपारी दोन ते चार झोप. हिने वाचनालय लावलंय, दोनला जाते. अक्काची झोप कावळ्याची, त्यामुळे घराची काळजी नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गंभीर बाब. काल रात्री मीटर ४१,२०६ होतं, मी स्वतः लिहिलंय. आज गाडी हलवलीसुद्धा नाही आणि संध्याकाळी मीटर ४१,२१७! अकरा किलोमीटर उभ्या गाडीत कुठून आले?

विम्याची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मीटर आपोआप पळाल्यास काय, याबद्दल चकार शब्द नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मीटर पुन्हा नऊने पुढे. शिवाय आज बसायला गेलो तर गुडघे स्टीअरिंगला आपटले. सीट पुढे सरकलेली. आरसा खाली झुकलेला, त्यात मला माझी हनुवटी दिसत होती.

तडक मेकॅनिककडे गेलो. म्हातारा मेकॅनिक, कोपऱ्यावरचा. त्याला सगळं सांगितलं, आकडे वाचून दाखवले. तो ऐकता ऐकता जमिनीवर बसला आणि गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर आला नाही, पण खांदे हलत होते, म्हणजे काहीतरी जोर लावत असावा. शेवटी बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाला, "स्प्रिंग आहे साहेब. या मॉडेलला होतं असं. दुपारच्या उन्हात सीटची स्प्रिंग ताणते."

"आणि मीटर?"

"तेही ताणतं."

पैसे घेतले नाहीत. भला माणूस. घरी येऊन हिला सांगितलं तर हिला जोराचा ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली.

अक्काला म्हणालो की स्प्रिंगचा निकाल लागेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जाणं शहाणपणाचं नाही. अक्का हिच्याकडे बघून म्हणाली, "सावकाश होऊ दे. स्प्रिंग तयार व्हायला वेळ लागतो."

या वयात तिला यंत्रातलं एवढं कळतं, याचं कौतुक वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

इथे खरं लिहायचं म्हणून वही आहे, तर लिहितो. आज मोठ्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेलो. भरधाव ट्रक जात होते. हात गार पडले. एसीमुळे असेल असं वाटलं, पण एसी बंद होता. मग वायपर तपासायचे राहिलेत हे आठवलं आणि परत आलो.

माईचा फोन आला होता. सामानाची बांधाबांध चालू आहे, भांडी वाटून टाकली म्हणाली. "अक्काला आणतोयस ना रे बाळ?" मी म्हटलं, म्हणजे काय! आणतोच आहे.

अक्का पलीकडच्या खुर्चीत होती. फोन ठेवल्यावर नेहमीसारखं "कधी निघायचं" म्हणेल असं वाटलं होतं. आज तिने विचारलं नाही. जेवतानाही विचारलं नाही. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. ही म्हणाली, मीठ जास्त झालं का? मी म्हटलं हो. मीठ बरोबर होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

थोडक्यात निभावलं. शाळेच्या कोपऱ्यावर वळताना काचवाला आडवा आला. खिडकीची एवढी मोठी काच छातीशी धरून, पायाखाली बघत चालला होता, त्यामुळे त्याला मी दिसलो नाही आणि मला तो काचेतून आरपार दिसला, पण उशिरा. कचकन ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं. तो काचेमागून माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला.

उतरून गाडी सगळीकडून तपासली. साधा ओरखडाही नाही. आणि असता तरी फिकीर नव्हती, झीरो डेप आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिने मला न विचारता माईला फोन केला आणि सांगून टाकलं: अठ्ठावीसला सकाळी निघतो, नऊपर्यंत पोचतो, एकोणतीसला तुम्हाला विमानात बसवून परत. मी म्हटलं, अगं, मीटरचा बिघाड अजून तसाच आहे. म्हणाली, "मीटरचं मी बघते. तुम्ही कपडे काढून ठेवा."

अक्काने बॅग भरायला घेतलीसुद्धा. सात दिवस आधी! काय भरलंय म्हणून डोकावलो तर माझ्या बारशापासूनचे सगळे फोटो. ती खुशीत आहे. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आजची नोंद मोठी आहे. मुसळ केरात गेलं, आणि मग केरातून वरही आलं.

सकाळी पेट्रोल भरायला निघालो. चौकात तपासणी चालू होती. पोलीसबाईंनी हात दाखवला. म्हटलं, या! ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो हाच. काच खाली करून अख्खी फाईल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या. "बाप रे, किल्लीचासुद्धा विमा?"

"टायरचासुद्धा," मी म्हणालो.

त्या पानं उलटत राहिल्या. पुढून मागे, मागून पुढे. मग म्हणाल्या, "काका, थर्ड पार्टी कुठाय?"

"तो असतोच की त्यात."

"नाहीये. हा फक्त तुमच्या गाडीचा आहे. थर्ड पार्टी आधीच्या मालकाचा होता, तो चौदा तारखेला संपला." त्यांनी फाईल मिटली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, तुमची किल्ली हरवली तर किल्ली मिळेल. माणसाला धडक बसली तर त्याला काय मिळेल?"

 दंड झाला, तो भरला. गाडी त्यांच्या हवालदाराने घरापर्यंत ढकलत आणायला मदत केली. नशीब, दोनशेच पावलं होती. सबंध गल्लीने बघितलं.

पॉलिसीबाईंना फोन केला. ती म्हणाली, "काका, मी तीनदा सांगितलं. एकदा तर तुम्ही म्हणालात, चौदाला भेटू. मी चहा करून वाट बघत बसले होते." दुसऱ्याच घटकेला तिने सक्तीचा विमा काढून दिला. रात्री बारापासून लागू. कागद आला, दीड पान. एवढासा!

खुर्चीत बसलो आणि एकदम तो काचवाला आठवला. अठरा तारीख. चौदानंतरची. तो माणूस काच छातीशी धरून उभा होता आणि मी उतरून काय बघितलं, तर माझी गाडी. त्याला विचारलंसुद्धा नाही, लागलं का म्हणून. लाज वाटली.  कुणाच्या लिफ्टचा दोर मी कधी न बघता सोडला नाही, आणि रस्त्यावर मात्र तेरा दिवस बिनदोराची लिफ्ट चालवत फिरलो.

मी हिला म्हटलं, "मी चालवणार नाही. कागद झाला तरी नाही. खरं सांगतो, मला मोठ्या रस्त्याची भीती वाटते. पाचावर धारण बसते. विमा विमा केलं ते सगळं त्यापायीच असावं. अक्काला तूच सांग. मला सांगवणार नाही." आणि चक्क रडलो. चौसष्ट वर्षांचा बाप्या.

ही उठली, कपाटातून पर्स आणली आणि टेबलावर एक कार्ड ठेवलं. लायसन्स. फोटो हिचा. नाव हिचं.

"हे काय?"

"सप्टेंबरात तुमच्या मागोमाग तुमच्याच ड्रायव्हिंगच्या मास्तरांकडे नाव घातलं. तुम्ही दुसऱ्यांदा पास झालात. मी पहिल्यांदा. पाच तारखेपासून रोज दुपारी मोठ्या रस्त्यावर सराव करतेय."

"कुठल्या गाडीवर?"

हिने गाडीची किल्ली लायसन्सवर ठेवली. मग माझ्या टाळक्यात एकेक दिवा लागत गेला. मीटर. सीट. आरसा. एकही पुस्तक घरी न आणता चाललेलं वाचनालय!

"परवानगीशिवाय?" मी ओरडलो.

"पाच तारखेला विचारलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात. हं म्हणालात. तोंडी पुरते."

आतल्या खोलीतून अक्काचं हसू फुटलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मेकॅनिकलाही होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं म्हणे, मी सोडून. मी रागावणार होतो. खरंच रागावणार होतो. पण अक्का इतकी हसत होती की दात काढून हातात घ्यावे लागले, आणि मग मलाही आवरेना.

हसू ओसरल्यावर हिने डोळे पुसले. म्हणाली, "म्हणजे चौदानंतर मीही तशीच फिरत होते हो."  मग ते दीड पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं.

नऊला झोपलो. म्हणजे आता झोपतोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माईच्या घरून लिहितोय! पोचलो!

सहाला निघालो. चालवायला ही, शेजारी मी, मागे अक्का. बाई काय चालवते! ट्रकच्या शेजारून गेली आणि वर अक्काला म्हणते, उशी नीट आहे ना? मी फाईल मांडीवर धरून बसलो होतो. चाळीस किलोमीटरनंतर ती मागे ठेवली. साठ किलोमीटरनंतर बाहेर बघायला लागलो. जगात बरंच काही आहे बघण्यासारखं.

अक्काला मळमळलं नाही. सबंध वाटभर ती हिला "पोरी, शाबास" म्हणत होती. मला एकदाही नाही.

पुढची गंमत म्हणजे, माईच्या इमारतीला लिफ्ट आहे, चांगली आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या. अक्काचे गुडघे गाडीतूनच त्या बघून नाही म्हणाले. मी उचलतो म्हटलं तर म्हणाली, "आधी स्वतःला उचल." इतक्यात माईच लिफ्टने खाली आली, पाच पायऱ्या एकेक करत उतरली. पिवळी, वाळलेली, एवढीशी झालीय. अक्का गाडीतून उतरायच्या आधीच ती पलीकडच्या दाराने आत येऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले.  मला वाटलं, आता रडारड.

माई पहिलं वाक्य बोलली ते असं: "जाड झालीस."

"आणि तुझी काडी झाली. खात नाहीस का?"

झालं. सुरू. फोटोंची बॅग उघडली आणि दहा मिनिटांत भांडण पेटलं. विषय: मी चार महिन्यांचा असताना मला पाळण्यातून कुणी पाडलं. माई म्हणते अक्काने. अक्का म्हणते हो, मीच, आईचा मारही मीच खाल्ला, साठ वर्षं झाली, आता तरी पुरे कर. माई म्हणते पुरे का, बाळच्या डोक्यावर अजून खोक आहे. मला बोलावून खोक तपासली. मी म्हटलं, त्या अपघातात थर्ड पार्टी मी, भरपाई कुणीच दिली नाही. दोघींनी मला गप्प बस म्हणून सांगितलं.

सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत दोघी गाडीतच बसल्या. उतरायला तयार नाहीत. आम्ही खिडकीतून चहा दिला, जेवणाची ताटं दिली. शेजारपाजारचे येऊन खिडकीतूनच माईचा निरोप घेऊन गेले. शेवटी पहारेकऱ्याने तळमजल्यावरची त्याची खोली मोकळी करून दिली, तिथे दोघींच्या गाद्या टाकल्यात. आत्ताही बडबड ऐकू येतेय. आज मला इतका आनंद झालाय की काय लिहू! खरं तर काहीच केलेलं नाही मी, शेजारी बसून आलो. तरी झालाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरी आलो. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

दुपारी निघायच्या वेळी ही किल्ली घेऊन पुढे झाली तर माई म्हणाली, "वहिनी, तू काल दमलीस. मला माझ्या भावाने सोडायचं."

मी म्हटलं, "माई, मला मोठ्या रस्त्याची भीती वाटते." लाजबीज सगळी परवाच संपली होती.

"मलाही विमानाची वाटते," माई म्हणाली. "चल."

चालवली. अर्धा तास, मोठ्या रस्त्याने. हात गार होते, पण स्टीअरिंग सोडलं नाही. ही शेजारी बसून नुसतं "हं, आता, हं" म्हणत होती. मागे पाळण्याचा खटला चालूच होता. विमानतळाच्या दाराशी थांबलो. तिथल्या हमालाने सामान उतरवून घेतलं. दोघी मागे हात धरून बसलेल्या. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मी उतरलो, मागे जाऊन हात आडवा करून उभा राहिलो आणि म्हटलं, "दोन मिनिटं थांबा हो. बहिणी आहेत." पहिल्या गाडीतल्या माणसाने भोंगा बंद केला. मग त्याच्या मागच्यानेही केला.

माई उतरली. चार पावलं गेली, परत आली आणि खिडकीतून डोकं आत घालून अक्काला काहीतरी म्हणाली. मग गेली. दारातून हात केला, मागे वळून बघितलं नाही.

परत येताना चालवायला मीच बसलो. आपोआपच बसलो.  मी आरशात बघितलं तर डोळे पुसत होती, पण चेहरा हसरा.

"काय म्हणाली ग माई शेवटी?"

"म्हणाली, पाळण्यातून मीच पाडलं होतं."

"म्हणजे? मग साठ वर्षं तुझ्यावर का ढकलत होती?"

"घाबरली होती रे. नंतर सांगायचं राहून गेलं असेल."

"आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"नसायला काय झालं? मी दारातच उभी होते. डोळ्यांनी बघितलं."

 मी विचारलं, "मग मार तू का खाल्लास?"

"ती सहा वर्षांची होती," अक्का म्हणाली. "माझी पाठ तिच्यापेक्षा मोठी होती. समोर बघून चालव."